रिंगणातल्या मुलांना प्लेग कुणी दाखवला?

साताऱ्याच्या गोडोली भागातून एका आईचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षेपाने देत आहे.

‘स. न. वि. वि. माझी मुलगी सव्वाचार वर्षांची असून बालवाडीच्या लहान गटात जाते. मुलगा सहावीत आहे. मागच्या आठवड्यात त्याने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली. “रिंगा रिंगा रोझेस” हे गाणे लंडनमधल्या प्लेगवर रचलेले आहे, गुलाब म्हणजे अंगावरचे लाल चट्टे, खिशातले गुच्छ म्हणजे दुर्गंधी टाळण्यासाठी बाळगलेल्या वनस्पती, पुढे येणारे ‘अतिशू’ म्हणजे शिंक आणि शेवटचे पडणे म्हणजे मृत्यू, असे त्यात सांगितले होते. त्याने ते सगळे धाकट्या बहिणीला ऐकवले. तेव्हापासून ती शाळेत या खेळात खाली पडत नाही, नुसती उभी राहते, आणि रात्री मला विचारते, “आई, खाली पडलं की माणूस मरतं का?” पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही तीच चित्रफीत फिरली असून स्नेहसंमेलनातून हे गाणे काढावे, अशी काहींची मागणी आहे. सासूबाई म्हणतात, “त्यात खोटं काय? आपल्याच घरातली तीन माणसं प्लेगात गेली, सगळं गाव उठून मळ्यात राहिलं होतं. असलं अभद्र गाणं पोरांच्या तोंडी कशाला?” त्यांना मी काय उत्तर देऊ? हे खरे आहे का, मुलीला या खेळापासून दूर ठेवावे का, आणि सासूबाईंचे मन न दुखवता हे कसे निभवावे, ते कृपया सांगावे. – एक आई’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत तातडीचे वाक्य तुमच्या लेकीचे आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते. तिच्या प्रश्नाचे उत्तर आज रात्रीच, झोपण्यापूर्वी द्या, आणि ते अगदी थोडक्या शब्दांत द्या: ‘नाही गं बाळा, खाली पडलं म्हणून कुणी मरत नाही. खेळात आपण मुद्दाम पडतो आणि हसत उठतो. दादानं पाहिलं ते त्याला खरं वाटलं, पण ते तसं नाही.’ एवढे पुरे आहे. चार वर्षांच्या मुलाला लंडन, १६६५ साल आणि साथ यांतले काही समजावून सांगण्याची गरज नसते. आईचा आवाज स्थिर आहे की नाही, तेवढेच ते मूल ऐकत असते. त्यानंतरही तिने मरणाविषयी काही विचारले, तर विषय बदलू नका. जेवढे विचारेल तेवढेच, साध्या शब्दांत सांगा. सांगलीत बालवाडीच्या आणि प्राथमिक शाळेच्या मुलांमध्ये माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि माझा अनुभव असा, की आपण बोलायचे टाळले की मुलांची भीती वाढते आणि सरळ बोललो की ती निम्म्याने उतरते.

हे आश्वासन तुम्ही निर्धास्त मनाने द्यावे, यासाठी त्यामागचा आधार आता जरा विस्ताराने सांगते. तुम्ही स्वतः साशंक असाल, तर तुमचा धीर उसना आहे हे मुलीला लगेच कळेल.

लंडनचा तो प्लेग खराच भयंकर होता. १६६५ साली तिथल्या मृत्यूंच्या नोंदपत्रकांत प्लेगचे म्हणून ६८,५९६ मृत्यू नोंदले गेले आणि खरा आकडा लाखाच्या घरात असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या काळाविषयी लिहून ठेवणारी माणसेही होती. सॅम्युएल पीप्स या सरकारी अधिकाऱ्याची रोजनिशी प्रसिद्ध आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात ड्ररी लेन भागात दारांवर तांबड्या फुल्या आणि ‘प्रभो, आमच्यावर दया कर’ अशी अक्षरे पाहून आपण किती धास्तावलो, आणि मग हुंगायला व चघळायला तंबाखू कशी विकत घेतली, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. तंबाखूच्या पुडीपर्यंतचा तपशील लिहिणाऱ्या या माणसाच्या रोजनिशीत मुलांच्या अशा गाण्याचा उल्लेख नाही. डॅनियल डीफो याने १७२२ साली त्या साथीवर एक सविस्तर पुस्तक लिहिले, त्यातही तो नाही.

गाण्याचे शब्द छापील रूपात दिसू लागतात ते १९व्या शतकाच्या मध्यावर. १८५५ सालच्या एका अमेरिकन कादंबरीत मुले गुलाबांचे कडे करून नाचतात, त्यांच्या ओट्यांत फुले आहेत, आणि त्या गाण्यात ‘जागे व्हा, जागे व्हा’ अशी हाक आहे. पडणे नाही, शिंक नाही. इंग्लंडमध्ये १८८१ साली केट ग्रीनवे या चित्रकर्तीच्या बालगीतांच्या पुस्तकात हे गाणे छापले गेले, तेव्हा त्यात ‘हश, हश, हश, हश’ असे चार वेळा येऊन मग सगळे कोलमडतात. दोनच वर्षांनी, १८८३ साली, विल्यम वेल्स न्यूएल याने अमेरिकेतल्या मुलांचे खेळ आणि गाणी एकत्र करून छापली. १७९०च्या सुमारास न्यू बेडफर्ड गावात हे गाणे प्रचारात होते असे तो सांगतो, पण त्याने दिलेल्या त्या पाठात, म्हणजे गाण्याच्या त्या रूपात, गावातल्या सगळ्या मुली एका छोट्या जोसीसाठी फेर धरतात. त्याच्याच आणखी एका पाठात सर्वांत शेवटी जी वाकेल तिने आपले सर्वांत लाडके माणूस कोण ते सांगायचे असते. त्याच सुमारास इंग्लंडच्या श्रॉपशर भागात नोंदलेल्या पाठात शिंक आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण तिथे खिशातले गुच्छ जॅकला एक, जिमला एक आणि छोट्या मोझेसला एक असे वाटले जातात. प्लेगच्या भयाने खिशात औषधी पाला ठेवणारा माणूस तो असा वाटत सुटणार नाही.

आता एक आक्षेप रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. छापील नोंद उशिराची आहे, एवढ्यावरून गाणेही उशिराचे ठरत नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्या कित्येक पिढ्या बायकांच्या ओठांवर राहिल्या आणि कागदावर आल्या त्या फार नंतर. तेव्हा १६६५ ते १८५५ या १९० वर्षांच्या मौनावरून निकाल देणे बरोबर होणार नाही, असे कुणी म्हणाले तर मी ते मान्य करीन. पण तोंडी चालत आलेल्या गाण्याची पारख करण्याची एक जुनी रीत आहे. त्याचे जेवढे पाठ हाती लागतील तेवढे शेजारी शेजारी ठेवायचे आणि सर्वांत समान काय आहे ते पाहायचे. आपल्याकडे एकच ओवी वाईला एक, कराडला दुसरी आणि जतला तिसरीच ऐकू येते, पण तिचा गाभा हलत नाही. या इंग्रजी गाण्याच्या पाठांत गाभा म्हणून उरतो तो फेर, फुले आणि शेवटी वाकणे किंवा पडणे. प्लेगचा अर्थ ज्या शब्दांवर उभा केला आहे, ते शब्द सगळ्यांत जास्त बदलणारे आहेत. अमेरिकेतली मुले शिंकेऐवजी ‘अ‍ॅशेस’, म्हणजे राख, असे म्हणतात. जर्मनीतली मुले एल्डरच्या झुडपाखाली बसून ‘हुश, हुश, हुश’ असे ओरडतात. इटलीतल्या मुलांच्या फेरात जग पडते, पृथ्वी पडते आणि मग सगळे जमिनीवर येतात. आणि आपली मुले? आपली मुले ‘हुशा बुशा’ म्हणतात. तुमच्या लेकीच्या तोंडच्या गाण्यात शिंकही नाही आणि राखही नाही. १८८१ सालच्या छापील पाठातल्या ‘हश हश’शीच ते शब्द ऐकायला जास्त जवळचे वाटतात.

राखेचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या मनाला चटकन पटतो आणि तिथेच आपली फसगत होते. राख म्हटले की आपल्यासमोर चिता येते, माहुलीचा संगम येतो, अस्थी येतात. लंडनमध्ये १६६५ साली मृतांना जाळत नव्हते. मोठे खड्डे खणून त्यांत पुरत होते. म्हणजे त्या शब्दातून जे मरण आपल्याला दिसते, ते आपल्या रीतीचे आहे, त्यांच्या नव्हे.

रोगाची लक्षणेही जुळत नाहीत. उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरणाऱ्या या प्लेगमध्ये थंडी वाजून ताप भरतो, आणि जांघेत, काखेत किंवा मानेला गाठ येते. त्यामुळेच आपल्याकडची जुनी माणसे त्याला ‘गाठीचा ताप’ म्हणत. फुप्फुसात शिरलेल्या प्लेगमध्ये खोकला येतो आणि थुंकीतून रक्त पडते. गुलाबासारखे गोल चट्टे किंवा शिंका ही त्या रोगाची ओळख नव्हे. एक गोष्ट मात्र खरी आहे: दूषित हवेने रोग होतो अशी तेव्हाची समजूत होती आणि लोक सुवासिक वनस्पती जवळ बाळगत असत. चित्रफितीतल्या अनेक विधानांपैकी तेवढे एक खरे असल्यामुळे बाकीचीही खरी वाटू लागतात.

मग हा अर्थ आला कुठून? आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने आयुष्यभर मुलांची गाणी व खेळ गोळा केले. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बालगीतांच्या कोशात त्यांनी असे नोंदवले, की अलीकडच्या इंग्रजी पाठांत शिंकणे आणि पडणे हमखास येत असल्यामुळे उगम शोधू पाहणाऱ्यांना मोठ्या प्लेगचे नाव घेण्याची संधी मिळाली आहे. पुढे १९८५ सालच्या ग्रंथात या अर्थावरचे आक्षेप अधिक तपशिलाने आले. म्हणजे हे स्पष्टीकरण ठळकपणे दिसते ते दुसऱ्या महायुद्धानंतर, साथ होऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी. आज लोकसाहित्याचे अभ्यासक बहुतेक एकमताने ते नाकारतात. काहींनी दुसरी शक्यता मांडली आहे: ज्या ख्रिस्ती पंथांत नाच निषिद्ध मानला जाई, तिथल्या तरुण मुलामुलींनी वाद्यांशिवाय, नुसत्या गाण्यावर फेर धरण्याचे खेळ काढले आणि असली गाणी त्यांतून आली असावीत. तीही शक्यताच आहे आणि तिला मी शक्यतेहून अधिक मान देत नाही.

असा अर्थ किती सहज उभा करता येतो, हे मुलालाही दाखवता यावे म्हणून एक प्रयोग सुचवते. आपले ‘येरे येरे पावसा’ घ्या. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता, हा इतिहास आहे. आता मी म्हणाले, की हे गाणे माण–खटावच्या माळावर त्याच दुष्काळात जन्मले; पावसाला देऊ केलेला पैसा म्हणजे उपाशी माणसाने बोललेला नवस; ‘पैसा झाला खोटा’ म्हणजे धान्यच उरले नाही तेव्हा नाण्याची किंमत संपली; आणि शेवटी वाहून गेलेले मडके म्हणजे दुष्काळापाठोपाठ आलेल्या पुरात गेलेला संसार. वाचताना अंगावर काटा आला असेल. सांगलीत २००५ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या माणसाला तर ते वाहून जाणारे मडके फारच ओळखीचे वाटेल. पण यातला एकही दुवा मी कुठे वाचलेला नाही. हे लिहिताना, या क्षणी मी तो जुळवला आहे. दुष्काळ खरा, गाणे खरे, आणि दोघांमधला सांधा पूर्णपणे माझ्या मनाचा. प्लेगच्या चित्रफितीत नेमके असेच झाले आहे. मुलाला हे करून दाखवा आणि मग त्यालाच दुसऱ्या एखाद्या बडबडगीतावर असा अर्थ रचायला सांगा. सहावीतल्या मुलाला ते सहज जमते, आणि एकदा स्वतः रचून पाहिले, की पुढच्या वेळी कुणी असे काही सांगितले तर ‘हे कुणी नोंदले, कधी नोंदले’ असे तो आपण होऊन विचारू लागतो. त्याला रागावू नका. त्याने खोटे सांगितले नाही, ऐकलेले सांगितले. बहिणीला ‘मी चुकीचं सांगितलं होतं’ असे त्यानेच म्हटले, तर तिच्यावर त्याचा परिणाम तुमच्या बोलण्याहून जास्त होईल.

आणखी एका कारणाने मला हा गुप्त अर्थ पटत नाही, आणि ते कारण आपल्या मातीतले आहे. लोकगीताला दुःख सांगायचे असते तेव्हा ते लपवून सांगत नाही. आपल्याकडे सातारा–सांगलीत हादग्याला मुली फेर धरतात. मधे पाटावर हत्ती, भोवती ‘ऐलमा पैलमा’ म्हणत फिरणाऱ्या परकऱ्या मुली, आणि त्यांच्या तोंडी कसली गाणी असतात? सुनेला माहेरी जायचे असते आणि सासू तिला कारल्याचा वेल लावायला सांगते, तो वाढेपर्यंत थांबवते, मग फुलेपर्यंत, मग फळे येईपर्यंत. जाच आहे आणि तो उघड आहे, कुणीही ऐकावा. आपल्या शेजारी, जतच्या पलीकडे कन्नड मुलखात, ‘केरेगे हार’ नावाचे कथागीत आहे. तळ्याला पाणी लागावे म्हणून घरातल्या धाकट्या सुनेचा, भागीरथीचा, बळी दिला जातो आणि गाणे ते स्पष्ट शब्दांत सांगते. मरीआईचे देऊळ गावाच्या शिवेवर उभे असते आणि पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, नाव घेऊनच तिला साकडे घातले जाई. ज्या माणसांनी एवढे सोसले, त्यांना ते कोड्यात घालून मुलांच्या खेळात दडवण्याची गरज पडली नाही. लंडनच्या लोकांनीही दारांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेच होते. ‘लंडन ब्रिज’च्या गाण्यात पुलाच्या पायात मूल गाडल्याची कथा सांगतात, तीही अशीच मागाहून चिकटवलेली आहे. तिला त्या पुलाच्या अवशेषांत कुठलाच आधार मिळालेला नाही.

सासूबाईंविषयी मी सर्वांत जपून लिहिणार आहे, कारण इथे बरोबर कोण आणि चूक कोण हा प्रश्नच नाही. त्या चित्रफितीवरून बोलत नाहीत, घरातल्या आठवणीवरून बोलत आहेत, आणि ती आठवण पूर्ण खरी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले, १८९७च्या आरंभी तो पुण्यात पसरला आणि तिथून आपल्या जिल्ह्यात उतरला. त्या वेळचा सातारा जिल्हा मोठा होता. आज सांगली जिल्ह्यात असलेले तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते, त्यामुळे या आठवणी दोन्हीकडच्या घरांत सारख्याच सापडतात. घरात उंदीर पडू लागले की माणसे उठत, गावाला टाळे लागल्यासारखे होई आणि माळावर, मळ्यात झोपड्यांची रांग उभी राही. सरकारी घरझडत्यांची भीती रोगाच्या भीतीइतकीच होती. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. हाफकिन या शास्त्रज्ञाची प्लेगवरची लस त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत तयार झाली होती, पण खेडोपाडी ती पोहोचायला आणि लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. रोग पिसवांमुळे पसरतो, हे तर पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवले. तुमच्या सासरची ती तीन माणसे गेली तेव्हा, आपल्याला हे कशाने होते आहे, हेसुद्धा बहुधा कुणाला ठाऊक नव्हते.

एवढे मोठे दुःख घरात असताना ते कुणी कधी नीट ऐकून घेतले आहे का, हे मला तुम्हाला विचारावेसे वाटते. सासूबाईंना इंग्रजी गाण्याचा राग आला, असे मला वाटत नाही. त्या निमित्ताने त्यांच्या घरचे मरण प्रथमच बैठकीत बोलले गेले आणि लगेच ‘ते खरं आहे का’ असा वाद सुरू झाला. त्यांना असे वाटू शकते, की गाणे खोटे ठरले तर आपली आठवणही खोटी ठरेल. म्हणून त्यांच्यासमोर सन आणि पुरावे मांडू नका. ते माझ्याकडून तुम्हाला मिळाले, तुमच्यापाशी राहू द्या. त्यांना एवढेच म्हणा, ‘आत्याबाई, ते गाणं परक्या मुलखाचं आहे, त्यात आपली माणसं नाहीत. आपली माणसं कोण होती, ते तुम्ही मला सांगा.’ मग मुलाला वही घेऊन शेजारी बसवा. त्या तिघांची नावे, नाते, वय. गाव कुठल्या मळ्यात उतरले. झोपडीला काय काय लागले. जनावरांचे काय केले. घरी परत कधी आले. आजही त्या जागेला काही नाव आहे का, हे सगळे त्याने लिहून घ्यावे. गावाच्या जन्म–मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात असतात आणि त्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळू शकतात. अक्षर पुष्कळदा मोडी असते, तेव्हा मोडी वाचणारे माणूस गाठावे लागेल. पण त्या पानांत तुमच्या घरातले एखादे नाव निघाले, तर मुलाला प्लेग म्हणजे काय, ते कुठल्याही चित्रफितीहून अधिक नीट कळेल. हे काम धाकटीच्या समोर करू नका. ती आणखी पाच–सहा वर्षांनी ती वही वाचील.

पालकांच्या गटाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तिथे लांब वाद घालू नका, आणि शाळेने गाणे काढावे की ठेवावे हे शिक्षिकांवर सोडा. तुम्हाला काही लिहावेसे वाटलेच, तर या धर्तीवर एकदाच लिहा: ‘या गाण्याचा संबंध १६६५च्या प्लेगशी जोडणारा अर्थ विसाव्या शतकातला आहे आणि लोकसाहित्याचे अभ्यासक तो स्वीकारत नाहीत. गाण्याच्या जुन्या पाठांत आजार किंवा मृत्यू नाही, फुले आणि फेर आहे. ती चित्रफीत लहान मुलांना दाखवू नये, अशी विनंती आहे.’ त्यावर कुणी काही लिहिले तरी उत्तर देऊ नका. बाईंना मात्र प्रत्यक्ष भेटून मुलगी का उभी राहते ते सांगा आणि तिला पडण्याचा आग्रह करू नये, अशी विनंती करा. सगळी मुले पडलेली आणि एकटी ती उभी, हे दृश्य इतर मुलांच्या हसण्याचा विषय होऊ शकते आणि मग भीतीवर लाजही चढते. माझ्या वर्गात असे एकदोनदा घडले आहे. मी तेव्हा त्या मुलाचा हात धरून त्याच्याबरोबर सावकाश खाली बसत असे. दोन–तीन दिवसांत ते आपोआप इतरांबरोबर लोळू लागे.

खेळ बंद करू नका, कारण फेर धरून गरगरणे आणि सगळ्यांनी एकदम जमिनीवर येणे यात चार वर्षांच्या मुलाला जो आनंद मिळतो तो दुसऱ्या कशात सहसा मिळत नाही, आणि पडून पुन्हा उठता येते हे त्याच्या शरीराला तिथेच कळते. इंग्लंडमध्ये या गाण्याला पुढचे एक कडवेही जोडतात, त्यात गायी कुरणात चरत असतात आणि पडलेली सगळी मुले उडी मारून उभी राहतात. ते तिला शिकवा, किंवा मराठीत स्वतःच काही जुळवा. तुम्ही, मुलगा आणि ती अशा तिघांनी आज संध्याकाळी अंगणात किंवा गच्चीवर फेर धरा आणि पडण्याचा नियम काढून टाका. न्यूएलने नोंदवलेल्या त्या पाठाप्रमाणे फक्त वाकायचे, आणि जी व्यक्ती सर्वांत शेवटी वाकेल तिने आपले सर्वांत लाडके माणूस कोण ते सांगायचे. चौथा हात सासूबाईंचा धरा. गुडघ्यांमुळे त्यांनाच वाकायला सगळ्यांत उशीर होईल आणि त्या कुणाचे नाव घेतात, ते ऐकायला तुमची लेक कान टवकारून उभी राहील.